विहीणबाईंच्या टाकीवरची ट्यूब

तर झाकण वाकायला लागलं. आधी एक कोपरा खाली आला, मग दुसरा, आणि आतली पेटलेली ट्यूब हळूहळू पाण्याकडे निघाली. विहीणबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी टाकली, आधी बटण बंद केलं, मग प्लग उपसला आणि मगच झाकणाला हात घातला. हातात आलं ते नुसतं वरचं कापड आणि वायरला लोंबणारी ट्यूब. खालचा पुठ्ठा भिजून लिबलिबीत होऊन पाण्यात पडला आणि मासे त्याच्यावर तुटून पडले, जणू त्यांच्यासाठी पंगतच मांडली होती.

काल इथवर आलो आणि दारात पाहुणे उभे राहिले, त्यामुळे गोष्ट तशीच लोंबकळत राहिली. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ज्यांनी ऐकलंय त्यांनीही बसावं, दुसऱ्या खेपेला मला जास्त आठवतं.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. उंचीला बेताच्या, आवाजाला नाही. सगळा जन्म एका छापखान्यात बायंडिंग करण्यात गेला. छापलेले कागद घडी घालून यायचे, ते सुईदोऱ्याने शिवायचे, पाठीला कापड चिकटवायचं, वर पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवून द्यायचं. कोपरा असा मुडपायच्या की मुंगीला आत शिरायला वाट सापडू नये. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या मास्तरांकडे एकच धडधाकट पुस्तक होतं, बाकी सगळी पानं सुटलेली, आणि ती वाऱ्याने उडाली की वर्गातली अर्धी पोरं धडा पकडायला मैदानात धावायची. त्यामुळे बायंडरबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे.

एकदा छापखान्याच्या मॅनेजरने सांगितलं, "शिवत बसू नका, नुसतं डिंकाने चिकटवा. लवकर उरकतं."

विहीणबाई म्हणाल्या, "चिकटवलेलं पुस्तक उघडलं की पाठीत मोडतं."

"अहो, लोक उघडतात कुठे? एकदा चाळतात आणि फळीवर ठेवतात."

"मग त्या एकदासाठी शिवते," असं म्हणून त्यांनी सुईत दोरा ओवला. मॅनेजर आले तसे गेले.

पुढे छापखाना बंद पडला. मालकाने निरोप देताना प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं. विहीणबाईंनी ते परत केलं. "आता मला वेळेवर जायचंय कुठे? द्यायचंच असेल तर ती माशांची टाकी द्या." मालकाच्या खोलीत दोन कपाटांच्या मधल्या फटीत बसेल अशी एक छोटी काचेची टाकी मुद्दाम करवून घेतलेली होती. त्यात नारिंगी रंगाचे बोटभर मासे आणि लांब पात्यांचं पाण्यातलं गवत होतं. मालक म्हणाला, घेऊन जा, नाहीतरी ही टाकायचीच होती. विहीणबाईंनी मासे एका डब्यात, गवत दुसऱ्या डब्यात आणि रिकामी टाकी मांडीवर घेऊन रिक्षाने घरी नेली. रिक्षावाला म्हणे सारखा मागे वळून बघत होता आणि त्या म्हणत होत्या, "पुढे बघ बाबा, मासे मी बघते."

त्यांचं घर म्हणजे गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. नवरा गेल्यापासून एकट्याच. पूर्वी खोलीत ऊन यायचं. मग शेजारी नवी इमारत उठली आणि तिची भिंत खिडकीच्या इतकी जवळ आली की पडदा लावायची गरज संपली. दुपारी बाराला दिवा लावल्याशिवाय चष्मा सापडायचा नाही. मालकाच्या खोलीत उन्हात डोलणारं ते गवत इथे आधी पिवळं झालं, मग काचेसारखं आरपार, मग एकेक पात सुटून वर तरंगायला लागली.

एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो होतो. सूनबाई टाकीसमोर उभी राहिली. तिच्या मनात कधीचं होतं की आईने आता आमच्याकडे राहायला यावं. घराचा भाडेकरार संपत आला होता, पुढे राहणार की खोली सोडणार ते घरमालकाला कळवायचं होतं. तिला आयतंच निमित्त सापडलं.

"आई, या खोलीत पाण्यातलं गवतसुद्धा जगत नाही. तू काय जगणार?"

"मी गवत आहे का?"

"उजेड नाही, हवा नाही. रात्री-अपरात्री पडलीस तर कुणाला कळणार?"

"पडले की आवाज होईल. माझा आवाज तुला माहीत आहे."

माझा मुलगा सासूबाईंसमोर सहसा तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी त्याला काय सुचलं कोण जाणे. "असं करू," तो म्हणाला, "करार संपेपर्यंत हे गवत हिरवं झालं तर आम्ही पुन्हा विषय काढायचा नाही. नाही झालं, तर आई आमच्याकडे. निवाडा बाबांनी करायचा."

विहीणबाई मुलाकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, बोलता येतं की तुम्हाला!" मग टाकीकडे वळल्या. "गवत हिरवं करून दाखवते."

मी आपलं मधे म्हटलं, "विहीणबाई, आलात तर मला आनंदच आहे. बोलायला माणूस मिळेल."

"व्याही, तुमच्या घरात बोलायला नाही, ऐकायला माणूस लागतं." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? नंतर मला दाराशी सोडायला आल्या तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, "तुमचं घर चांगलं आहे हो. पण तिथे मी कायमची पाहुणी. पाहुण्याला झोपतानासुद्धा अंग चोरून झोपावं लागतं. इथे मी आडवी-तिडवी झोपते."

दुसऱ्या दिवशी त्या माशांच्या दुकानात गेल्या. टाकीवर बसणारं, आत दिवा असलेलं झाकण मागितलं. पण टाकी पडली कपाटांच्या फटीच्या मापाची. दुकानदाराने सगळी झाकणं काढून दाखवली. एक टाकीच्या बाहेर लोंबायचं, दुसरं टाकीत पडायचं. "मावशी, टाकीच बदला," तो म्हणाला.

"झाकण बसत नाही म्हणून टाकी बदलू? टोपी बसली नाही तर डोकं बदलतोस का?"

घरी येऊन त्यांनी ओट्यावरची छोटी ट्यूब उतरवली. आता स्वयंपाकाला उजेड? "हाताला डबे पाठ आहेत," म्हणाल्या. पुढचे काही दिवस चहात साखरेऐवजी काय काय पडलं ते मी सांगत नाही, मी प्यायलोय.

मग गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. तो हसायलाच लागला. "मावशी, पाण्यावर वीज? माशांना करंट द्यायचाय का?"

"माशांना नाही. जास्त बोललास तर तुला देईन."

पण गडी कामाचा होता. त्याने अटी घातल्या. ट्यूबचा चोक, म्हणजे ती जड लोखंडी डबी, टाकीवर ठेवायची नाही, तापते. ती बाजूला भिंतीवर फळीवर बसेल. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळीसारखी सोडायची, म्हणजे ओघळलेला थेंब झोळीच्या तळाशी गळून पडेल, प्लगपर्यंत चढणार नाही. अर्थिंग हवंच. झाकण उचलण्याआधी प्लग काढायचा, ओल्या हाताने तर अजिबात नाही. आणि ट्यूब आणि पाणी यांच्यामध्ये एक काच हवी. विहीणबाईंनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. सूनबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई कुणाचं ऐकते?"

विहीणबाई म्हणाल्या, "विजेशी मी वाद घालत नाही. तिला बोलता येत नाही, ती सरळ मारते."

सगळं ऐकलं, पण काच मात्र राहिली. काचवाल्याचं दुकान बंद होतं आणि यांना दम निघेना. आणि झाकण कशाचं करायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. बायंडर बाई ती! जाड पुठ्ठा कापला, आतून पांढरा कागद लावला म्हणजे उजेड खाली फेकला जाईल, बाहेरून निळं बायंडिंगचं कापड चढवलं, कोपरे मुडपले. वायरमनने विचारलं, "पुठ्ठा टिकेल का मावशी?" तर म्हणाल्या, "माझा पुठ्ठा वाळवीलासुद्धा जुमानत नाही." मी ते झाकण पाहिलंय. एखाद्या मोठ्या माणसाच्या चरित्राला शोभेल असं दिसायचं. पण विहीणबाईंनी आयुष्यात कधी पुस्तक वाफेवर ठेवलं नव्हतं. ट्यूब तापली, पाण्याची वाफ वर गेली, पुठ्ठ्याला कापड चिकटवलेली खळ सुटली, आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हे, ऐका. मासे पुठ्ठ्यावरची खळ खात होते, आणि विहीणबाई क्षणभर कौतुकाने बघत राहिल्या. पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा पडला. बायंडरची खळ नुसत्या मैद्याची नसते. झुरळांनी आणि किड्यांनी पुस्तकं खाऊ नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. झाकणाची खळ शिजवताना हात आपोआप मोरचुदाच्या डबीकडे गेला होता. जे विष किड्यांसाठी घातलं तेच आता मासे गिळत होते.

त्यांनी पुठ्ठा बाहेर फेकला. पाणी बदलायला म्हणून त्या नेहमी एक बादली भरून ठेवत. तिच्यात गाळणीने मासे टाकले. टाकी रिकामी करून घासली, पुन्हा घासली, गवताची पात न् पात धुतली. तरी त्यातला सगळ्यात जुना मासा, फाटक्या शेपटीचा, संध्याकाळी बादलीत उलटा झाला.

सूनबाईने बाहेरूनच मला फोन केला आणि आम्ही दोघं गेलो. आत ओट्यावर अंधार, बाहेर टाकीवर अंधार, आणि विहीणबाई भिंतीला टेकून बसलेल्या. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यासारख्या माणसाने तोंड मिटलं म्हणजे प्रसंग कसा असेल ते समजून घ्या.

सूनबाई त्यांच्याजवळ बसली. तिने डोळे पुसले. "आई, आता पुरे. तुझं वय आहे का हे सगळं करायचं? चल आमच्याकडे."

"चूक माझी, मासा माझा. तू कशाला रडतेस?"

"मी माशासाठी रडत नाहीये!"

"मग माझ्यासाठी रडतेस? मी अजून उलटी झालेली नाही."

सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्याही, पुठ्ठा नको. पाण्याला न भिणारं काहीतरी सांगा. तुम्ही एवढं बोलता, त्यात कधीतरी कामाचं निघेलच."

आणि निघालं बरं का! आमच्या गच्चीवरचा सांडपाण्याचा जाड प्लास्टिकचा पाइप बदलला होता, त्याचा एक लांब तुकडा जिन्याखाली पडून होता. दुसऱ्या दिवशी मी तो खांद्यावर टाकून घेऊन गेलो. शेजाऱ्यांना वाटलं मी तोफ घेऊन चाललोय. विहीणबाईंनी पाइप मांडीत आडवा धरला आणि लोखंड कापायच्या करवतीने लांबीवर उभा चिरला. मी दुसरं टोक धरून होतो, आणि "हलवू नका, हलवू नका" हे मला इतक्यांदा ऐकावं लागलं की शेवटी श्वाससुद्धा विचारून घेतला. अर्धा पाइप म्हणजे छानदार पन्हळ. आतून राखाडी होती, तिला पांढरा तैलरंग दिला आणि वास पूर्ण जाईपर्यंत दाराबाहेर वाळत ठेवली. वायरमन रोज जाता-येता नाक लावून बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, अजून नाही." आणि त्या थांबायच्या. माशाने शिकवलं होतं.

पन्हळीची दोन तोंडं बंद करायची होती. जुन्या बादलीतून दोन तुकडे कापले. मी म्हटलं चिकटवा. "चिकटवलेलं नको," त्या म्हणाल्या, आणि टोचा गॅसवर तापवून कडेने भोकं पाडायला बसल्या. मग नायलॉनचा दोरा घेतला, गळाला लावतात तो, आणि पुस्तक शिवतात तशा टाक्याने ते तुकडे पन्हळीला शिवून टाकले. गळाचा दोरा माशांच्या उपयोगी पडलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. वायरमनने ट्यूब आत बसवली. आणि या खेपेला काचही आली, टाकीच्या तोंडाला बरोबर टेकणारी, दाणे टाकायला कोपरा तेवढा कापलेली.

बटण दाबलं. ट्यूबने दोन-तीनदा डोळे मिचकावले, नवी नवरी वर बघावी की नको असं करते तशी, आणि मग लख्ख पेटली. खोलीत ऊन आल्यासारखं झालं. मासे आधी दचकून एका कोपऱ्यात गोळा झाले, मग एकेक जण हिंडायला लागला. अंगावरचा खवला न् खवला दिसत होता. विहीणबाई टाकीसमोर स्टूल ओढून बसल्या. "बघा," एवढंच म्हणाल्या.

इथे गोष्ट संपली असती, पण विहीणबाईंना अर्ध्यावर समाधान कधीच नव्हतं. गवताला उजेड हवा ना, घे म्हणावं पोटभर! डोळे उघडले की ट्यूब चालू, डोळे मिटले की बंद. थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं. गवत नाही हो, पाणी! काचेवर शेवाळ, वाळूवर शेवाळ, गवताच्या पातींवर शेवाळाची दाढी.

माझा मुलगा वाकून वाकून बघत होता. "सासूबाई, मासे दिसत नाहीत."

"आहेत. पटत नसेल तर हात घालून मोजा."

सूनबाई म्हणाली, "आई, हे टाकीत सूप झालंय."

"मग तुला कुणी वाढलंय का?"

सूनबाईने हसू दाबलं, पण मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही पंच आहात. खरं सांगा, याला काय गवत जगणं म्हणतात? करार संपतोय." मला खरं तेच सांगावं लागलं. "सूनबाई, आज निवाडा मागितलास तर तुझी बाजू वरचढ आहे." भिंतीपलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "व्याही, कुजबुजायचं असेल तर घरी जाऊन कुजबुजा, तुमची कुजबुज गल्लीत ऐकू जाते."

बाई पुन्हा त्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने टोपीची गोष्ट मनात धरली नव्हती. तो म्हणाला, "मावशी, गवताला झोप नको का? तुम्ही दिवसभर डोळ्यावर दिवा धरलात तर तुम्हीपण हिरव्या व्हाल." झालं. दुसऱ्या दिवसापासून ट्यूब सकाळचा स्वयंपाक होईपर्यंत बंद आणि संध्याकाळचा चहा झाला की बंद. रोज थोडं पाणी काढायचं, थोडं बादलीत भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं. काचेवरचं शेवाळ जुन्या पातळ पट्टीने खरवडायचं, पुठ्ठ्यावरची जादा खळ काढायच्या तसं. मी कधीमधी जायचो, माझ्याशी बोलायच्या पण हात टाकीतच. "बोला तुम्ही," म्हणायच्या, "मला ऐकलंच पाहिजे असं काही नाही."

हळूहळू पाणी निवळलं. आधी मागची भिंत दिसली, मग वाळू, मग मासे. जुन्या पाती शेवाळासकट गळून पडल्या आणि मला वाटलं, गेलं, संपलं. पण एका दुपारी विहीणबाईंनी मला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि बोटाने दाखवलं. बुडातून एक पोपटी टोक वर आलं होतं, नखाएवढं. शेजारी वाळूतून दोऱ्यासारखी एक मुळी सरकत गेली होती आणि तिच्या टोकाला दुसरं इवलंसं रोप. मी काही म्हणणार तोच त्या म्हणाल्या, "निवाड्याच्या दिवशी बोला. पंचाने आधी बोलायचं नसतं."

निवाड्याचा रविवार आला. आम्ही तिघं गेलो. गवत उभं होतं. दाट नव्हतं, पण हिरवं होतं, आणि फुंकर घातल्यासारखं डोलत होतं. मासे त्याच्यात शिरत होते आणि बाहेर येत होते. सूनबाई गुडघ्यांवर बसली आणि काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाचा गोल मोठा होत होता, लहान होत होता.

"बाबा?" ती म्हणाली.

मी घसा साफ केला. मोठं भाषण तयार करून आणलं होतं, पण सगळ्यांचे चेहरे बघितले आणि म्हणालो, "जगलंय."

माझ्या मुलाने सुस्कारा टाकला, सुटल्याचा की हरल्याचा ते त्यालाच ठाऊक. सूनबाई मात्र उठली नाही. काचेला नाक तसंच लावून, आईकडे न बघता तिने विचारलं, "ठीक आहे आई, जिंकलीस. पण खरं सांग, हे नसतं जगलं तर आली असतीस ना आमच्याकडे? तसं ठरलं होतं."

विहीणबाई पदराला हात पुसत पुसत म्हणाल्या,

"ठरवलं जावईबापूंनी, मी कुठे हो म्हटलं? खोलीच्या नव्या करारावर सही मी पाणी हिरवं होतं ना, त्याच आठवड्यात करून दिली. गवताचा निवाडा तुम्ही करा, माझा मी केला. आणि आता नाक काढ त्या काचेवरून, मघाशीच पुसलीय."